टाचेमागची दोरी

पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाशी जोडणारी कंडरा ही शरीरातील सर्वांत जाड व बळकट कंडरा होय. धावताना ती स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि साठवलेली शक्ती पाऊल उचलताना परत देते. मात्र तिला रक्तपुरवठा स्नायूंपेक्षा कमी; म्हणून स्नायू काही आठवड्यांत बळावले, तरी तिला कित्येक महिने लागतात. २०१० मध्ये फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमची हीच कंडरा तुटली व त्याला विश्वचषकास मुकावे लागले. आठवडाभर पेढीवर बसून रविवारी एकदम बॅडमिंटन खेळणाऱ्या चाळिशीतील गृहस्थांनाही हा धोका असतो. पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा सावकाश खाली-वर कराव्यात. खेळ क्रमाक्रमाने वाढवावा. सकाळी टाचेमागे आखडल्यासारखे वाटल्यास तो इशारा समजावा. भांडवल एका दिवसात उभे राहत नाही, तसेच कंडरेचे बळही.