एकाच गाभ्यावर सगळा भार

८ जुलै २०२२ रोजी पहाटे कॅनडातील रॉजर्स कंपनीचे मोबाइल, इंटरनेट आणि लँडलाइन एकदमच बंद पडले. एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांचा संपर्क तुटला, तिथल्या इंटरॅक या पेमेंट-जाळ्याची डेबिट कार्डे चालेनात, अनेकांना ९११ हा आपत्कालीन क्रमांकही लागेना. हल्ला कुणीच केला नव्हता. दर्जावाढीचे काम चालू असताना राउटरवरील एक फिल्टर काढला गेला, मार्गांच्या माहितीचा लोंढा जाळ्याच्या गाभ्यातील (कोअर) राउटरांवर आदळला आणि ते कोलमडले. त्याहून गंभीर म्हणजे, दुरुस्तीसाठी लागणारे व्यवस्थापनाचे जाळेही त्याच गाभ्यावर उभे होते. त्यामुळे बिघाड नेमका कुठे आहे हे शोधण्यातच कित्येक तास गेले.

म्हणूनच सुरक्षा आणि कार्यक्षमता ही दोन वेगळ्या विभागांची कामे मानणे मला धोक्याचे वाटते. राउटरवर भाराची मर्यादा घातली, तर ती हल्ल्यालाही अडवते आणि चुकीलाही. त्याच्या जोडीला स्वतंत्र जाळीही हवीत. त्यांचा खर्च शेवटी ग्राहकाच्या बिलात येईल, हा आक्षेप रास्त आहे. पण सगळेच दुप्पट करण्याची गरज नाही; व्यवस्थापनाचा मार्ग तेवढा वेगळा हवा. रॉजर्सने तर पुढे मोबाइल आणि तारेवरच्या सेवांचे गाभेच वेगळे करण्याचे जाहीर केले. आपल्याकडेही फोर-जीवरचे कॉल आणि यूपीआयचे बहुतेक व्यवहार डेटाच्याच जाळ्यातून जातात. तेव्हा व्यवस्थापनासाठी असा स्वतंत्र मार्ग आहे का, हे दूरसंचार विभागाने प्रत्येक कंपनीला आजच विचारावे आणि उत्तर जाहीर करावे.