खांद्यावरून चाकावर

शहरातील कित्येक मुले रोज सकाळी रिक्षात बसून शाळेत जातात. रिक्षा हा शब्द आता इतका घरचा झाला आहे की, तो मूळचा परका असेल अशी शंकाही कोणास येत नाही. परंतु हा शब्द जपानचा आहे. ‘जिन’ म्हणजे मनुष्य, ‘रिकि’ म्हणजे बळ आणि ‘शा’ म्हणजे गाडी. मनुष्याच्या बळावर चालणारी गाडी ती ‘जिनरिकिशा’. देशोदेशी फिरता फिरता या शब्दाचा पहिला भाग गळून पडला आणि उरलेल्या भागाची ‘रिक्षा’ झाली. नावातून माणूस गळाला. गाडीपुढचा माणूस मात्र पुढे कित्येक वर्षे तसाच धावत राहिला.

1603 पासून 1868 पर्यंत जपानात तोकुगावा घराण्याची सत्ता होती. त्या काळात लांबच्या राजमार्गांवर उतारूंना चाकाच्या गाडीतून जाण्याची मोकळीक नव्हती. सामान्य माणूस पायी चाले. ज्याच्या गाठीला पैसे असत, तो घोड्यावर किंवा ‘कागो’त बसे. कागो म्हणजे जपानची डोलीच. एका लांब दांड्याला बांबूची लहानशी बैठक टांगलेली असे. उतारू तिच्यात पाय दुमडून बसे आणि पुढे एक व मागे एक असे दोन भोई ती खांद्यावरून वाहून नेत. सरदार-दरकदारांच्या डोल्या मोठ्या, बंदिस्त आणि नक्षीदार असत. चीनमध्येही पालखी हे मानाचे वाहन होते. अधिकाऱ्याचा दर्जा पाहून त्याच्या पालखीच्या भोयांची संख्या ठरे आणि नववधू लाल रंगाच्या पालखीतून सासरी जाई. महाराष्ट्रातील पालख्या, मेणे आणि डोल्या ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही चाल नवलाची वाटणार नाही. दुसऱ्याच्या खांद्यावरून जाणे ही प्रतिष्ठेची खूण सर्वत्रच मानली जात होती.

या चालीचे सर्वांत कठीण रूप ओई नदीच्या तीरावर दिसत असे. एदो, म्हणजे आजचे तोक्यो, आणि क्योतो या दोन नगरांना जोडणाऱ्या तोकाइदो नावाच्या राजमार्गात ही नदी आडवी येई. तिच्यावर पूल नव्हता. नाव घालण्यासही मनाई होती. पलीकडे जाणाऱ्याने चिठ्ठी विकत घ्यावी आणि हमालाच्या खांद्यावर किंवा हमालांनी उचललेल्या लाकडी पाटावर बसून नदी ओलांडावी, असा नियम होता. दर रोज पाणी मोजून ठरवीत. हमालाच्या कमरेपर्यंत पाणी असेल तर दर कमी, छातीपर्यंत चढले तर अधिक. पूर आला की वाहतूक बंद. मग शिमादा आणि कानाया या दोन काठांवरील गावांत उतारू पाणी ओसरण्याची वाट पाहत बसत. दोन्ही तीरांवर शेकडो हमाल होते. थंडगार पाण्यातील हेच काम त्यांच्या पोटाचा आधार होते.

1868 मध्ये जपानात सत्तांतर झाले आणि रस्त्यांवरील जुने निर्बंध उठू लागले. 1870 साली इझुमी योसुके आणि त्याचे दोन सहकारी यांना तोक्योत जिनरिकिशा तयार करून चालविण्याची परवानगी मिळाली. दोन मोठी चाके, वर बैठक आणि पुढे दोन दांड्या, एवढीच त्या गाडीची रचना होती. तथापि तिने फार मोठा बदल घडविला. कागोतून एका उतारूस नेण्यासाठी दोन माणसे लागत, रिक्षास एक पुरे. खांद्यावरचा भार चाकांवर गेला आणि वेगही वाढला. थोड्याच वर्षांत जपानच्या रस्त्यांवर हजारो रिक्षा धावू लागल्या. डोल्या मागे पडल्या आणि पुष्कळ भोयांनी रिक्षाच्या दांड्या हाती धरल्या.

रिक्षा ही सुधारणा होती की नव्हती? डोलीशी ताडून पाहिले, तर होती असेच म्हणावे लागेल. परंतु माणसाने माणसाला जनावरासारखे ओढून न्यावे, ही गोष्ट तिच्यामुळे संपली नाही. उलट ती स्वस्त झाली आणि त्यामुळे अधिक पसरली. रिक्षा 1874 साली शांघायला पोचली, 1880 साली सिंगापूरला पोचली आणि त्याच सुमारास ती हिंदुस्थानातही आली. चीनच्या पेकिंग शहरात, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, 1920 नंतरच्या दशकात सुमारे 60,000 माणसे रिक्षा ओढून पोट भरत होती. त्यांतील बहुतेकांची रिक्षा स्वतःची नसे. रोजचे भाडे मालकाला चुकते केल्यावर जे उरेल, त्यावर घर चाले. लाओ श या चिनी लेखकाने अशाच एका तरुणावर कादंबरी लिहिली. स्वतःच्या मालकीची एक रिक्षा असावी, एवढीच त्या तरुणाची आकांक्षा असते आणि तीही त्याच्या हाताला लागून निसटते.

याच पेकिंगमध्ये 1924 साली विजेची ट्राम सुरू झाली. ट्राम शेकडो माणसांना नेई आणि तिच्यासाठी कोणाला ऊर फुटेस्तोवर धावावे लागत नसे. असे असूनही 1929 च्या ऑक्टोबर महिन्यात रिक्षा ओढणाऱ्यांच्या जमावाने ट्रामगाड्यांवर हल्ला केला आणि कित्येक गाड्या मोडून टाकल्या. हे कृत्य समर्थनीय नव्हे. परंतु त्यांना नुसते अडाणी म्हणून मोकळे होणे हाही अन्यायच ठरेल. रिक्षा ओढणे सुखाचे नाही, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? ट्रामने त्यांचे कष्ट वाचविले नाहीत. तिने त्यांची मिळकत नेली आणि कष्टाच्या जागी उपासमार ठेवली. वाईट काम बंद करणे आणि ते काम करणाऱ्याचे भले करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली केली म्हणजे दुसरी आपोआप होते, असा समज करून घेणे ही सुखवस्तू लोकांची नेहमीची चूक आहे.

ओई नदीच्या हमालांवरही अशीच वेळ आली होती. 1870 साली नदीत नावा घालण्याची परवानगी मिळाली आणि लवकरच हमालांचे काम संपले. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात उभी राहिलेली माणसे रिकाम्या हातांनी काठावर बसली. परंतु जवळच माकिनोहारा नावाचे पडीक पठार होते. त्यांच्यापैकी काहींना तेथे जमीन मिळाली. सत्तांतरामुळे उपजीविका गमावलेले सामुराई योद्धेही त्या पठारावर आले होते. योद्धा आणि हमाल यांनी तो माळ फोडला आणि चहाची लागवड केली. पुढे माकिनोहारा हा जपानमधील चहाच्या मोठ्या मळ्यांचा प्रदेश म्हणून प्रसिद्धीस आला. जमीन सर्वच हमालांना मिळाली नाही, आणि ज्यांना मिळाली त्यांनाही पहिली वर्षे सोपी गेली नाहीत. तरीही दिशा योग्य होती. जुनी चाल मोडली, पण तिच्याबरोबर माणसे मोडू दिली नाहीत.

हा प्रश्न महाराष्ट्रालाही परका नाही. रायगड जिल्ह्यातील माथेरान या गिरिस्थानी मोटारगाड्यांना बंदी असल्यामुळे तांबड्या मातीच्या चढउतारांवरून माणसे माणसांना रिक्षातून ओढत नेत आली. 2025 च्या ऑगस्ट महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ही चाल मानवी प्रतिष्ठेस न शोभणारी ठरवून सहा महिन्यांच्या आत बंद करण्याचा आदेश दिला. न्यायालय एवढ्यावरच थांबले नाही. रिक्षा ओढणाऱ्यांना विजेवर चालणाऱ्या रिक्षा देऊन त्यांची उपजीविका राखावी, आणि पैसा नाही ही सबब सांगू नये, असेही त्याने बजावले. या आदेशाचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

कोणी म्हणेल, “हे जुने काम त्या लोकांनी स्वखुशीने पत्करले होते, मग ते बंद कशाला करावे?” परंतु ज्याच्यापुढे दुसरी वाटच नसते, त्याच्या खुशीला फारसा अर्थ उरत नाही. दुसरा कोणी म्हणेल, “रिक्षात बसणे पाप आहे, मी पायी जाईन.” ही भावना चांगली आहे, परंतु तेवढ्याने ओढणाऱ्याच्या घरची चूल पेटत नाही. त्याच्या हातातील दांड्या सोडवाव्यात आणि त्याच वेळी त्याच हातांत दुसरे काम द्यावे, हाच न्यायाचा मार्ग होय.

वाहने बदलत आली आहेत आणि यापुढेही बदलतील. आज रिक्षा चालविणाऱ्याचे कामही उद्या एखादे यंत्र करील. नवे वाहन किती वेगाने धावते, हे लोक कौतुकाने विचारतीलच. त्याच्या येण्याने ज्याचे काम गेले तो माणूस आता काय करतो, हेही त्याच वेळी विचारले गेले पाहिजे.