जखमी सोबत्याची पहिली दहा मिनिटे

लाईनवर काम करताना एखादा सोबती जखमी झाला की आपली पहिली धावपळ होते ती वाहन मिळवण्याची. कोणी हात धरतो, कोणी पाय. मिळेल त्या गाडीत घालून त्याला दवाखान्याकडे पळवले जाते. या धावपळीमागची माया खरी आहे. परंतु ज्याच्या मांडीतून रक्ताची धार लागली आहे त्याला तीस किलोमीटरवरचा सर्जन वाचवू शकत नाही, कारण मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांतच दगावतो. त्याला वाचवू शकतो तो शेजारी उभा असलेला गँगमेट, गेटमन किंवा पोस्टमन. ही पहिली दहा मिनिटे आपल्याच हातात असतात, आणि त्यांची तयारी आपल्याकडून करून घेणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे.

हा प्रश्न तुरळक अपघातांचा नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत कामावर असताना सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी ठार व सुमारे ८,७०० जखमी झाल्याचे त्यात नमूद आहे. टपाल खात्यातील बांधवांची लाईन म्हणजे रस्ता. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरची होती. टपालाची पिशवी घेऊन फिरणारा पोस्टमन, ग्रामीण डाक सेवक आणि मेल मोटारचा ड्रायव्हर रोज याच रस्त्यावर असतात.

मोठ्या अपघातासाठी रेल्वेकडे व्यवस्था आहे. भोंगा वाजला की दोन्ही बाजूंनी वाट असलेल्या सायडिंगमधून मेडिकल रिलीफ व्हॅन १५ मिनिटांत, आणि एकच वाट असेल तर २० मिनिटांत सुटली पाहिजे, असा दंडक आहे. पण निर्जन किलोमीटरवर एकट्या कीमनला इंजिनाची धडक बसली तर सहसा भोंगा वाजत नाही. आडरस्त्याला पडलेल्या डाक सेवकासाठी तर व्हॅनही नाही. १०८ ची गाडी येईपर्यंत जो कोणी जवळ असेल तोच त्याचा वैद्य.

मग या जवळच्या माणसाने करायचे काय? याचे शास्त्र एका दुर्घटनेतून उभे राहिले. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर या अस्थिरोगतज्ज्ञाचे छोटे विमान शेतात कोसळले. पत्नी गेली, चारांपैकी तीन मुले गंभीर जखमी झाली. जवळच्या लहान रुग्णालयातले उपचार त्यांना इतके अपुरे वाटले की सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी नवी शिकवणच आखली. १९७८ मध्ये तिचा पहिला वर्ग झाला, १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने ती स्वीकारली. पुढे रुग्णवाहिकेवरच्या माणसांसाठीही तसाच अभ्यासक्रम तयार झाला. या सगळ्याचे सार एका वाक्यात सांगता येते: जे सर्वांत लवकर मारते ते सर्वांत आधी पाहायचे. मोडलेले हाड सगळ्यांना दिसते, किंकाळी सगळ्यांना ऐकू येते. पण जो ओरडतो आहे त्याचा श्वास निदान चालू असतो; मुकाट पडलेल्याकडे आधी गेले पाहिजे.

पहिली गोष्ट, मदतीला जाणाऱ्याने स्वतः बळी जाऊ नये. लाईन अडली तर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन डेटोनेटर लावायचे, हे आपल्याला झोपेतही आठवते. जखमीजवळ बसण्यापूर्वी लाईनचे संरक्षण झाले आहे याची खात्री करावी. ओव्हरहेड तारेत २५,००० व्होल्ट असतात. वीज बंद होऊन अर्थिंग झाल्याशिवाय तारेला चिकटलेल्या माणसाला हात लावू नये. रस्त्यावर असाल तर आधी येणारी वाहने थोपवा.

त्यानंतर रक्त. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते आणि त्यातले दोन लिटर गेले की प्राणावर बेतते. २०१८ पासून रुग्णवाहिकेवरच्या प्रशिक्षणात धारेने वाहणारे रक्त थांबवणे हे श्वासाच्याही आधी घेतले जाते. स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन दाबावे; दर मिनिटाला उचलून पाहू नये. जांघेत किंवा काखेत जखम असेल तर कापड आत ठासून दाबावे. हात किंवा पाय तुटला असेल, अथवा दाबूनही धार थांबत नसेल, तर जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा सोडून, टूर्निके म्हणजे आवळपट्टी बांधावी. ती नसेल तर दीड-दोन इंच रुंद कापडी पट्टी बांधून तिच्यात काठी घालून पिळावी. तार किंवा सुतळी वापरू नये. ती मांस कापते. बांधल्याची वेळ लिहून ठेवावी आणि डॉक्टरकडे पोचेपर्यंत पट्टी सैल करू नये. तुटलेला अवयव स्वच्छ ओल्या कापडात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी बर्फावर ठेवावी. अवयवाला बर्फ थेट लागू देऊ नये.

त्यानंतर श्वास. तोंडातले रक्त, माती, तुटलेले दात काढावेत. बेशुद्धाचा जबडा दोन्ही हातांनी पुढे उचलावा. मान मागे वाकवू नये. मिनिटाला दहापेक्षा कमी किंवा तीसपेक्षा जास्त श्वास ही धोक्याची खूण. श्वास अजिबात नसेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल दाब देत राहावे. विजेचा धक्का बसलेल्याच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे. कातडी थंड, घामेजलेली, नाडी जलद आणि बोलणे असंबद्ध झाले तर आत रक्तस्राव होत असल्याचा संशय घ्यावा. घाबरून बडबडणारा सोबती एकाएकी शांत झाला म्हणजे त्याला बरे वाटले असे समजू नये.

शेवटी कणा आणि ऊब. एकाने डोके दोन्ही बाजूंनी स्थिर धरावे आणि तिघा-चौघांनी मिळून ओंडक्यासारखे एकसंध उचलावे. हातपाय धरून झोळी करण्याची आपली पद्धत मोडलेल्या मणक्याला कायमची अधू करू शकते. आग किंवा येणारी गाडी असेल तेव्हा मात्र आधी ओढून बाजूला घ्यावे. अंगावर कांबळे घालावे, कारण अंग गार पडले की रक्त गोठत नाही. पाणी, चहा, दारू काही पाजू नये. शरीरात रुतलेली सळई उपटू नये.

पोलिसांच्या भीतीने हात आखडण्याचेही आता कारण नाही. जखमीवर तातडीने उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, कागदपत्रे नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितले. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४ अ रस्त्यावर सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण देते. मे २०२५ मधील योजनेनुसार मोटार अपघातातील जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळतात. हे कलम व ही योजना मोटार वाहनाच्या अपघातापुरती आहे. रुळांवर मदत करणाऱ्यालाही असेच स्पष्ट संरक्षण हवे.

बांधवहो, डेटोनेटरचा नियम आपल्याला तोंडपाठ आहे, कारण तो घोकून घेतला गेला आणि रिफ्रेशर कोर्समध्ये पुन्हा विचारला गेला. जखमीला तपासण्याचा क्रम त्याहून अवघड नाही. फक्त तो तसा घोटून घेतला जात नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळणारा प्रशिक्षित माणूस अशी तरतूद होती. पण कारखान्याच्या व्याख्येतून रेल्वेची रनिंग शेडदेखील वगळलेली होती. मग उघड्या लाईनवरच्या गँगची आणि बीटवरच्या पोस्टमनची काय कथा!

म्हणून मागणी स्पष्ट असावी. दरवर्षी एक पूर्ण दिवस, ड्यूटीच्या वेळेत, हाताने करून पाहण्याचे प्रशिक्षण मिळावे. त्यात ग्रामीण डाक सेवक आणि कंत्राटी मजूरही असावेत. प्रत्येक गँगला, गेटला व मेल मोटारला टूर्निके, दाबपट्ट्या, खपच्या, हातमोजे, कांबळे असलेली पेटी व घडीचे स्ट्रेचर मिळावे, आणि पेटीची किल्ली कामाच्या जागी असावी. प्रत्येक अपघाताच्या चौकशीत चूक कोणाची एवढेच न विचारता रक्त किती मिनिटांत थांबले, रुग्णवाहिका केव्हा आली, हेही नोंदले जावे. अर्थात प्रथमोपचार हा लुकआउटमनच्या रिकाम्या जागेला पर्याय नव्हे. अपघात टाळण्याच्या मागण्या पहिल्याच राहतील.

प्रशासन मनुष्यदिवसांचा हिशेब पुढे करील. त्याला काकोडकर अहवालातील आकडा दाखवावा. आणि तोवर प्रत्येक शाखेने पुढच्या द्वारसभेत आपल्या विभागाची पेटी सर्वांसमक्ष उघडावी, आत काय आहे आणि काय नाही याची यादी करावी, आणि ती सहीनिशी मागणीपत्रकाला जोडावी.