सवलत घ्यावी, पण सरळ दाराने



भाव केल्याशिवाय आपल्या इंदूरकरांची खरेदी पूर्ण होत नाही. भाजी, कापड, भांडी यांच्यासाठी हे ठीकच आहे. संगणकाच्या सॉफ्टवेअरची गोष्ट मात्र निराळी आहे. येथे आपण वस्तू घेत नसून ती वापरण्याचा परवाना घेतो. मोबाइलवर पंचवीस अक्षरांची ‘की’ आली, म्हणजे परवाना मिळाला असे नव्हे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित अपडेट बंद केले. तेव्हापासून पुष्कळ पालक विचारतात, ‘विंडोज ११ ची की चार-पाचशे रुपयांत मिळते आहे, घ्यावी का?’ माझे मत स्पष्ट आहे, घेऊ नये. ज्या संगणकात विंडोज १० अस्सल आहे आणि जो कंपनीच्या अटींत बसतो, त्याला विंडोज ११ मोफतच मिळते. जो अटींत बसत नाही, त्याला विकतची की बसवून देऊ शकत नाही. मग पैसे कशाचे द्यायचे? शिवाय अशा स्वस्त की अनेकदा एखाद्या मोठ्या संस्थेच्या सामूहिक परवान्यातून बाहेर आलेल्या असतात. कंपनीने ती बंद केली की संगणकावर सूचना झळकू लागते. हाती पक्के बिल नसते, मग तक्रार कोणाकडे करणार?

खरी सवलत वेगळीच असते, आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. विंडोज १० ची सुरक्षा अपडेट पुढे तीन वर्षे मिळावीत म्हणून मायक्रोसॉफ्टने शाळांसाठी प्रत्येक संगणकामागे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर असा दर जाहीर केला. पात्र शाळांना ऑफिसची ऑनलाइन आवृत्ती आणि गूगलची शैक्षणिक सेवा मूळ स्वरूपात विनामूल्य मिळते. लिब्रेऑफिस तर घरी, शाळेत, दुकानात, कोठेही मोफत वापरता येते आणि त्याचे मेनू मराठीतही आहेत. गणितासाठी जिओजेब्रा, लहानांच्या प्रोग्रामिंगसाठी स्क्रॅच आहे. वाणिज्य शाखेच्या मुलांना सरावापुरते टॅलीही एज्युकेशनल मोडमध्ये मोफत चालवता येते, फक्त नोंदी ठरावीक तारखांच्याच करता येतात.

काही जण म्हणतात, ‘एवढ्या श्रीमंत कंपनीचे आपल्या चार संगणकांनी काय बिघडणार?’ कंपनीचे बिघडणार नाही, हे मलाही मान्य आहे. बिघडेल ते आपले. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यापारी लाभ नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते, पण गुन्हा तो गुन्हाच.

मला कायद्यापेक्षा मोठी चिंता दुसरी आहे. परीक्षेत शेजाऱ्याच्या वहीत डोकावणाऱ्या मुलाला आपण उभे करतो. त्याच मुलाला संगणक कक्षात चोरीच्या प्रतीवर धडा दिला, तर तो कोणता धडा लक्षात ठेवेल? मुले आपले भाषण ऐकत नाहीत, आपले वागणे पाहतात. पैसे कमी असणे ही लाजेची गोष्ट नाही. आपल्यासारख्या संस्था वर्गणी आणि देणग्यांवरच उभ्या राहिल्या आहेत, पण त्यांनी प्रत्येक पैशाची पावती ठेवली.

म्हणून खरेदीपूर्वी विक्रेत्याला चार प्रश्न विचारा. परवाना कोणाच्या नावावर आहे? किती संगणकांसाठी आहे? किती दिवसांसाठी आहे, आणि पहिल्या वर्षाची सवलत संपल्यावर दर काय राहील? पक्के बिल मिळेल का? विद्यार्थ्यांसाठीच्या सवलतीत घेतलेले सॉफ्टवेअर वडिलांच्या दुकानाच्या हिशेबाला वापरता येते असेही समजू नका, अटी आधी वाचा.

या चारही प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली, तर अवश्य भाव करा, हवी तेवढी घासाघीस करा. उत्तर देताना विक्रेता अडखळला, तर पाकीट खिशात ठेवून घरी या आणि मुलालाही त्याचे कारण सांगा.

— प्राचार्य