दोष सुताराचा नाही!

मागच्या पावसाळ्यात माझ्या रूममधल्या कपाटाचं दार बिजागरीसकट हातात आलं. सुतारमामांनी परत स्क्रू मारले, आठ दिवसांत पुन्हा तेच. सगळे मामांना नावं ठेवत होते. पण दोष पार्टिकल बोर्डाचा! लाकडाचा, नाहीतर उसाच्या चिपाडांचा चुरा युरिया फॉर्मल्डिहाइडमध्ये मळून, गरम दाबून तो बनवतात. ओल मुरली की चिकटपणा संपतो, कडा पावासारख्या फुगतात, आणि सुकल्यावरही जाडी पूर्ववत होत नाही. मग स्क्रू धरणार कशाला? एमडीएफ गुळगुळीत, रंग झकास बसतो, पण पाण्यापुढे साधा एमडीएफही ढेपाळतोच.

प्लायवूडचे थर आडवे-उभे चिकटवलेले, त्यामुळे स्क्रूची पकड पक्की. मात्र एमआर ग्रेड नुसत्या दमटपणापुरती. आमच्या ओल्या टॉवेलांना (आणि न वाळलेल्या जीन्सना!) आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआरच हवा.

महाग पडतो, मान्य. म्हणून अख्खं कपाट प्लायचं मागत नाही. आतले कप्पे पार्टिकल बोर्डाचे चालतील. तळ, दारं आणि बिजागरीची बाजू तेवढी प्लायची घ्या. कापलेल्या प्रत्येक कडेला पट्टी लावा. नव्या विंगच्या कपाटांची ऑर्डर अजून गेलेली नाही. रेक्टर सर, वाचताय ना?