साखरेवर चालणारे यंत्र आणि रेणापूर

मधुमेह हा सुखवस्तू शहरी माणसाचा रोग, ही समजूत केव्हाच मोडीत निघाली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेली आहे. लातूर जिल्ह्यातील रेणापूरसारखे तालुक्याचे गाव त्यास अपवाद असण्याचे कारण नाही. तेथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो; इन्सुलिनच्या न फोडलेल्या कुपीला मात्र २ ते ८ अंशांचा गारवा लागतो. ज्या घरी फ्रिज नाही, तेथे माठाच्या गारव्यावरच भिस्त ठेवावी लागते.

या पार्श्वभूमीवर टोकियोच्या वैद्यकीय व दंतवैद्यकीय विद्यापीठात कोजी मित्सुबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग लक्षणीय आहेत. त्यांच्या उपकरणात औषध पुढे ढकलण्यास वीज लागत नाही. त्यातील पडद्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, बसविलेले असते. ग्लुकोज वाढले की ते अधिक प्राणवायू खर्च करते, बंद कप्प्यातील दाब उतरतो आणि त्या ओढीने औषध बाहेर पडते. रोगाचे जे लक्षण, तेच येथे इंधन होते.

हे विकर रेणापूरला सर्वस्वी परके नव्हे. रक्तातील साखर मोजण्याच्या अनेक पट्ट्यांत तेच काम करीत असते. पण पट्टी केवळ साखर सांगते. मात्रा ठरविणे आणि सुई टोचणे रोग्यावरच सोपविते. ज्या शाळकरी मुलाला दिवसातून अनेकदा आणि जन्मभर हे करावयाचे आहे, त्याच्या घराला या उपकरणाचे मोल सांगावे लागणार नाही.

तथापि हुरळून जाण्याचेही कारण नाही. विकर हे प्रथिन असल्याने उष्णतेने त्याचेही बळ ओसरते. त्याच्या क्रियेतून निर्माण होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड त्यालाच अपाय करते. शिवाय यंत्र कितीही स्वयंचलित झाले, तरी त्यात भरावयाचे इन्सुलिन बाहेरूनच आणावे लागणार!

१९२३ मध्ये इन्सुलिनच्या संशोधकांनी आपले एकस्व टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. त्यानंतर शंभर वर्षे लोटली, तरी जगातील असंख्य गरिबांना ते औषध दुर्लभच आहे. तेव्हा संशोधकांनी चाळीस अंशांचा उन्हाळा ही आपल्या यंत्राची कसोटी मानावी, आणि शासनाने तालुक्याच्या रुग्णालयात इन्सुलिन व पट्ट्या अखंड मिळतील याची हमी द्यावी. यापैकी दुसऱ्या कामासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.