वॉटर्लूचा डाव कसा मांडावा

पटावर शिशाचे किंवा लाकडाचे सैनिक मांडून जुन्या लढाया पुन्हां खेळण्याचा छंद युरोपांत बराच रूढ आहे, व आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींना त्याची गोडी लागली आहे. कित्येक पालकांस हा वेळेचा अपव्यय वाटतो. कांहींस रक्तपाताचा खेळ करणें हेंच गैर वाटतें. पहिल्या आक्षेपास लांबलचक उत्तर देण्याचें कारण दिसत नाहीं. शेंदीडशें सोंगट्या रंगवितांना कोणत्या पलटणीचा डगला कोणत्या रंगाचा होता हें जो मुलगा शोधून काढतो, तो तेवढा वेळ तरी इतिहासच वाचीत असतो. दुसरा आक्षेप जड आहे. त्याकडे पुढें वळूं.

वॉटर्लूचीच लढाई घ्या. १८ जून १८१५ रोजीं, आजच्या बेल्जममधील एका लहानशा रणभूमीवर, नेपोलियनचे सुमारें ७३,००० व वेलिंग्टनचे सुमारें ६८,००० लोक समोरासमोर उभे राहिले. एका सोंगटीस ५०० माणसें धरलीं तर एका बाजूस १४६ व दुसरीस १३६ सोंगट्या होतात. अर्ध्या तासाची एक खेळी धरली, तर सकाळीं साडेअकरापासून रात्रीं साडेआठपर्यंत १८ खेळ्यांत लढाई आटोपते. येथपर्यंतचें काम त्रैराशिकाचें आहे. खरी अडचण पुढेंच आहे, ती ही कीं, पटाशीं बसणाऱ्या दोघांनाही शेवट ठाऊक असतो. ब्लूखरचें प्रशियन सैन्य दुपारीं साडेचारच्या सुमारास फ्रेंचांच्या उजव्या बगलेवर येऊन आदळणार, आणि त्याच्या पाठलागावर धाडलेला मार्शल ग्रूशी आपल्या ३३,००० लोकांसह वाव्हर येथेंच गुंतून राहणार, हें शाळेंतील मुलास माहीत आहे. नेपोलियनला तें माहीत नव्हतें. मग आमचा छोटा नेपोलियन पहिल्याच खेळींत उजवी बगल बळकट करतो, आणि जी लढाई खेळावयाची ती बाजूस राहून दुसरीच खेळली जाते.

ह्यावर उपाय प्रशियांतच निघाला होता. रायस्विट्झ नांवाच्या तोफखान्यावरील एका तरुण अधिकाऱ्यानें १८२४ सालीं आपल्या वडिलांच्या युद्धपटाचे नियम सुधारून छापले. त्यांत दोन्ही पक्ष आपले हुकूम लिहून पंचाच्या हातीं देतात, आणि ज्याच्या दृष्टीस जें पडलें असतें तेवढेंच पंच त्यास सांगतो. हा खेळ प्रशियन सैन्यांत ज्यानें उचलून धरला, तो सेनापति म्युफ्लिंग वॉटर्लूच्या दिवशीं वेलिंग्टनजवळ प्रशियनांचा प्रतिनिधि म्हणून हजर होता! अर्धवट बातमीवर निर्णय घेणें म्हणजे काय, हें त्यास कोणी शिकवावयास नको होतें. आमच्या मतें पंचावांचून वॉटर्लूचा डाव मांडूंच नये. ब्लूखर कोणत्या खेळीस येईल हें पंचानें गुपचूप फासा टाकून ठरवावें, व क्वचित् ग्रूशीही येऊं द्यावा.

कांहीं डाव रचणारे इतिहासाशीं प्रामाणिक राहण्याच्या भरांत सेनापतींच्या चुकाही नियमांत घालतात. चार वाजतां मार्शल ने यानें पायदळाचा आधार न घेतां घोडदळ पुढें लोटलें, म्हणून फ्रेंच खेळणाऱ्यानेंही तें लोटलेंच पाहिजे, असा दंडक ते करतात. हा खेळ नव्हे. हा कळसूत्री बाहुल्यांचा नाच झाला. टेंकाडापलीकडे जखमी व गाड्या मागें जात होत्या, त्या हालचालीवरून शत्रु माघार घेतो आहे असा ने याचा समज झाला असें सांगतात. तर पंचानेंही खेळणाऱ्यास एवढेंच कळवावें कीं, "शत्रूचे लोक मागें जातांना दिसतात." चूक करावयाची कीं नाहीं हें त्याचें त्यानें पाहावें.

जमिनीविषयीं एक सूचना. वेलिंग्टननें आपलें बहुतेक पायदळ टेंकाडाच्या मागल्या उतारावर दडविलें होतें. सपाट मेजावर त्याची सारी करामत नाहींशी होते. चादरीखालीं जाड पुस्तकें घालून उंचवटा करावा. आजच्या वॉटर्लूचीं छायाचित्रें पाहून मात्र तो करूं नये. कारण १८२६ सालीं पुऱ्या झालेल्या सिंहस्तंभाच्या टेकडीसाठीं त्या टेंकाडाचीच माती उपसली गेली. आदल्या रात्रींचा पाऊसही विसरूं नये. कोणी फ्रेंच खेळाडू नऊ वाजतांच हल्ला करूं म्हणेल तर त्यास पांच खेळ्या जास्त द्याव्या, परंतु चिखलामुळें त्याच्या तोफांचा मारा निम्मा धरावा.

सायबोर्न नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याची हकीकत ह्या छंदाच्या प्रत्येकानें वाचावी. वॉटर्लूची प्रतिकृति करण्याचें काम त्याजकडे १८३० सालीं आलें. ला हे सेंत ह्या शेतवाडींत आठ महिने राहून त्यानें जमीन मोजली, हयात अधिकाऱ्यांस पत्रें पाठवून सायंकाळीं सातच्या सुमारास तुम्ही कोठें होतां असें विचारलें, आणि सरकारी पैसा बंद झाल्यावर स्वतः कर्ज काढून १८३८ सालीं सुमारें ७५,००० चिमुकल्या सैनिकांची प्रतिकृति पुरी केली. परंतु तींत प्रशियन फार दिसतात, हा आक्षेप वेलिंग्टनच्या गोटांतून आला. अखेर सायबोर्ननें पुष्कळ प्रशियन सोंगट्या काढून टाकल्या. आज लंडनच्या राष्ट्रीय सैन्य संग्रहालयांत ती प्रतिकृति उभी आहे. आम्हांस त्या कर्जबाजारी माणसाची कींव येते, आणि त्या काढलेल्या सोंगट्यांचें वाईटही वाटतें. आमच्या मुलांवर कोणा ड्यूकचें दडपण नाहीं. वेलिंग्टनच्या सैन्यांत इंग्रज, स्कॉच व आयरिश मिळून तिसऱ्या हिश्श्याहून थोडेच अधिक होते. उरलेले डच, बेल्जियन, नासाऊ, ब्रुन्सविक व हॅनोव्हरचे. तेव्हां सगळ्याच सोंगट्यांस तांबडे डगले रंगविण्याचा आळस त्यांनीं करूं नये.

आतां तो जड आक्षेप. त्या एका दिवसांत तिन्ही सैन्यांचे मिळून ४०,००० हून अधिक लोक मेले वा जखमी झाले. आमच्या मापानें ऐंशीहून अधिक सोंगट्या. पडलेली सोंगटी तत्काळ पेटींत टाकण्याची मुलांस संवय असते. ती तशी टाकूं देऊं नये. जेथें पडली तेथेंच शेवटच्या खेळीपर्यंत आडवी राहूं द्यावी, व तिच्यावरून सैन्य न्यावयाचें तर वाट काढून न्यावें. आम्हीं हा नियम घालून पाहिला आहे. बाराव्या खेळीनंतर हूगूमाँच्या वाडीभोंवतीं हात घालावयास जागा राहत नाहीं, आणि मुलें आपोआप हळू बोलूं लागतात. युद्धाच्या गोष्टी घरांत नकोत म्हणणाऱ्या पालकांनीं एकदां असा डाव शेवटपर्यंत बसून पाहावा.

वॉटर्लू साधल्यावर असईचा डाव मांडावा असें आम्ही सुचवितों. तीही वेलिंग्टनचीच लढाई; जालना जिल्ह्यांत, २३ सप्टेंबर १८०३ रोजीं, शिंदे व भोसले यांच्या फौजांशीं झालेली. कैलना नदीस उतार कोठें आहे हें त्यास कोणी सांगेना. दोन्ही तीरांवर समोरासमोर गांवें दिसलीं, त्यावरून त्यानें तो ताडला. त्या डावांत पंचानें उतार दाखवूं नये. नकाशावर दोन गांवें मात्र काढावीं.